मेमरी किती घ्यावी? आधी गादी आणि गोदाम यांतला फरक ओळखा

व्यापारी माणूस काउंट विचारल्याशिवाय सूत घेत नाही आणि पन्ना मोजल्याशिवाय कापड घेत नाही. ताका उलगडून, बोटांत चोळून, उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय तो पैशाला हात लावत नाही. पण हाच माणूस घरी संगणक घ्यायला निघाला की त्याची सगळी पारख दुकानाच्या दारातच राहते. काउंटरमागचा मुलगा म्हणतो, "चाचा, सोळा जीबी घ्या, आठमध्ये काही होत नाही." चाचा मान डोलावतात आणि पैसे मोजतात. सोळा म्हणजे काय, आठ म्हणजे काय, आणि घरातल्या कामाला त्यातले किती लागणार, हे कोणीच विचारत नाही.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. संगणकशास्त्राची पदवी आमच्याकडे नाही आणि तालीमही उर्दू शाळेतली. पण माप आणि भाव या दोन गोष्टी आम्हाला कळतात आणि मेमरीचा प्रश्न शेवटी मापाचा व भावाचाच आहे. मागवाल्याच्या, रंगाऱ्याच्या, जरीकाम करणाऱ्याच्या घरात संगणक येतो तो कित्येक महिन्यांच्या बचतीतून येतो. मुलीची दहावी झाली, मुलाला डिझाइन शिकायचे आहे, दुकानाचा जीएसटी घरूनच भरायचा आहे, अशा कारणांनी तो येतो. त्या बचतीतले चार-पाच हजार रुपये नको तिथे गेले तर श्रीमंताला फरक पडत नाही, कारागिराला पडतो. त्यातच २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले, त्यामुळे चुकीच्या मापाची किंमतही वाढली आहे.

आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. हिशेब, शिक्षण, पत्रव्यवहार आणि सरकारी पोर्टलची कामे करणाऱ्या घराला ८ जीबी मेमरी पुरते. अट एवढीच की मशीनमध्ये पुढे मेमरी वाढवायला एक जागा मोकळी असावी आणि साठवणीसाठी जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असावी. १६ जीबी चित्रे व डिझाइनचे काम करणाऱ्यांसाठी आहे. बाकीच्यांनी तो आकडा केवळ भीतीपोटी घेऊ नये.

गादी आणि गोदाम

बाजारात "मेमरी" हा एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कापडाच्या दुकानात दोन जागा असतात. पुढे गादी, जिथे गिऱ्हाइकासमोर ताके उलगडले जातात. मागे गोदाम, जिथे गठ्ठे रचून ठेवलेले असतात. संगणकातली रॅम म्हणजे गादी. ज्या कामावर आपण या क्षणी बसलो आहोत, तेवढेच तिच्यावर पसरलेले असते. संगणक बंद केला की गादी साफ होते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे गोदाम. बिले, फोटो, पत्रे तिथे कायम राहतात.

मोबाइलच्या खोक्यावर "८+१२८" असे छापलेले असते. त्यातला पहिला आकडा गादीचा आणि दुसरा गोदामाचा. काही कंपन्या अलीकडे "८+८" अशी रॅम जाहिरातीत दाखवतात. त्यातले दुसरे ८ हे गोदामाचा एक कोपरा झाडून त्याला गादी म्हटलेले असते. खऱ्या गादीची चपळाई त्याला येत नाही.

गादी लहान पडली म्हणजे काय होते, हे दुकानदाराला सांगायला नको. गिऱ्हाईक दहा नमुने मागते आणि गादीवर चारच मावतात. मग नोकर आधीचे ताके उचलून गोदामात टाकतो, नवे आणतो, परत जुने मागितले की पुन्हा धावतो. संगणकही हेच करतो. रॅम भरली की तो कामाचा काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. डिस्क रॅमपेक्षा हजारो पटीने सावकाश असते. म्हणून पडद्यावर गोल चक्र फिरत राहते आणि आपण म्हणतो, "मशीन हँग झाले."

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गादीवर जेवढे ताके एका वेळी उलगडायचे असतील तेवढी गादी पुरे. त्याहून मोठी गादी घेतली म्हणून विक्री वाढत नाही. पाच जीबीच्या कामाला आठ दिले काय आणि बत्तीस दिले काय, कामाचा वेग जवळपास तोच राहतो. मेमरी कमी पडते तेव्हा ती फार जाणवते. पुरेशी असते तेव्हा जास्तीची बहुतांशी पडून राहते.

गज आणि मीटर

दुसरा गोंधळ मापाचा. पाचशे जीबीची डिस्क घेतली आणि संगणकात ४६५ दिसले, म्हणजे दुकानदाराने फसवले, असा समज सर्रास आढळतो. यात फसवणूक नाही, दोन मापांचा फरक आहे. डिस्क बनवणारा एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून तिच्या जीबीत सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइट येतात. कापूस तोच, फक्त एकाने गजात मोजला आणि दुसऱ्याने मीटरमध्ये. २५६ जीबीची एसएसडी त्याच हिशेबाने २३८ दिसते. रॅम मात्र सुरुवातीपासून १०२४ च्याच मापाने विकली जाते. तिथे ८ म्हटले की ८ असतात. त्यातला थोडा भाग पडद्यावरचे चित्र दाखवण्यासाठी राखून ठेवला जातो, म्हणून काही मशीनवर ८ पैकी सात-साडेसातच वापरायला मोकळे दिसतात. तेही नेहमीचेच आहे.

आकडा कुठून कुठे आला

१९८१ साली आयबीएमने पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्याच्या सर्वांत स्वस्त नगात १६ केबी मेमरी होती. १९९५ साली विंडोज ९५ आली. तिची किमान मागणी ४ एमबी होती आणि ज्याच्याकडे ८ एमबी होती तो निवांत समजला जाई. २००१ च्या विंडोज एक्सपीने किमान ६४ एमबी मागितली. २००९ च्या विंडोज ७ ने १ जीबी मागितली. २०२१ मध्ये विंडोज ११ आली, तिची किमान मागणी ४ जीबी आहे. म्हणजे ४ एमबीपासून ४ जीबीपर्यंत, २६ वर्षांत बरोबर १०२४ पट.

हा आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि म्हणतो, आज आठ घेतली तर चार वर्षांत ती कचऱ्यात जाईल, तेव्हा आताच दुप्पट घेऊन ठेवू. पण या वाढीची चाल पाहावी. १९९५ ते २००१ या सहा वर्षांत मागणी १६ पट झाली. पुढच्या आठ वर्षांत पुन्हा १६ पट झाली. त्यानंतरच्या बारा वर्षांत मात्र फक्त चौपट झाली. मधल्या काळात, २०१५ मध्ये, विंडोज १० आली, तिने तर विंडोज ७ पेक्षा किमान मागणी वाढवलीच नाही. घोड्याची चाल मंदावली आहे. एके काळी दोन वर्षांत जुनी पडणारी मशीन आज सात-आठ वर्षे सहज चालते. भविष्याच्या नावाने दुप्पट माल भरून ठेवण्याचे कारण पूर्वीइतके राहिलेले नाही.

किमान आकडा म्हणजे सोयीचा आकडा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. विंडोज ११ चार जीबीवर सुरू होते, पण सुरू होतानाच ती गादी जवळपास व्यापून बसते. नव्या खरेदीत विंडोज ११ साठी ४ जीबी घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

हिशेब किती जागा खातो?

आपल्या बांधवांत असा समज आहे की दुकानाचा हिशेब संगणकावर ठेवायचा तर मोठे मशीन हवे. आपण एकदा मोजून पाहू. समजा एका दुकानात रोज १०० बिले फाटतात आणि वर्षात ३०० दिवस काम चालते. वर्षाची ३०,००० बिले झाली. प्रत्येक बिलात १,००० अक्षरे धरली, ही खूपच जास्त झाली. सगळी बिले मराठीत लिहिली असे धरू. आजच्या युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला १, उर्दू अक्षराला २ आणि देवनागरी अक्षराला ३ बाइट लागतात. म्हणजे एक बिल ३,००० बाइट आणि वर्षाची ९ कोटी बाइट, सुमारे ९० एमबी. मांडणीसाठी आणि शोधासाठी लागणारी जागा धरून दुप्पट करा. दहा वर्षांचा पूर्ण हिशेब २ जीबीच्या आत राहतो. तोही गोदामात. गादीवर एका वेळी त्यातला जेमतेम एक कोपरा येतो.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा जन्म आपल्याच धंद्याच्या शेजारी झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. श्यामसुंदर गोयनका हे कापड गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. आपल्या हिशेबाला योग्य सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी मुलगा भरत गोयनका यांना ते तयार करायला सांगितले. १९८६ साली कंपनी उभी राहिली. त्या काळच्या पीसीवर डॉस चाले आणि त्याला कामासाठी ६४० केबीची मर्यादा होती. तेवढ्या जागेत व्यापाऱ्यांचे खाते-पुस्तक चालले. आजची टॅली त्याहून मोठी आहे, पण आजही ती मेमरीची खादाड नाही.

उर्दूचेही तसेच. "उर्दू टाइप करायची म्हणजे भारी मशीन लागेल" हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकले आहे. नस्तालीक लिपी संगणकाला अवघड खरीच, कारण तिच्यात अक्षरे जोडीने आणि उतरत्या ओळीत बसतात. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकसाठी अक्षरांचे सुमारे २०,००० तयार जोड बनवावे लागले, आणि १९८१ मध्ये लाहोरचे "जंग" हे दैनिक त्या अक्षरांत निघू लागले. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणले आणि तेच सौंदर्य घरगुती संगणकावर आले. ज्या काळी ८ एमबीला भरपूर म्हणत, त्या काळच्या मशीनवर लग्नपत्रिका, जाहिराती आणि पूर्ण वर्तमानपत्रे उर्दूत तयार झाली. आज ८ जीबी, म्हणजे त्याच्या हजार पट जागा असताना, उर्दूच्या नावाने कोणी जास्त मेमरी विकत असेल तर त्याला नम्रपणे सलाम करून पुढे जावे.

मग खातो कोण?

हिशेब खात नाही, पत्र खात नाही. आजच्या घरी मेमरी खाणारे मुख्य दोनच आहेत. पहिला ब्राउझर. २००८ साली गूगलचे क्रोम आले आणि त्याने प्रत्येक उघडलेले पान स्वतंत्र ठेवण्याची पद्धत रूढ केली. एक पान कोसळले तरी बाकीची चालू राहावीत, हा त्यामागचा चांगला हेतू. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी गादी दिली की जागा जास्त लागणारच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, पाठोपाठ ई-वे बिल आले, बँक, व्हॉट्सॲप, मुलांचे वर्ग, सगळे ब्राउझरमध्ये गेले. एकेक पान शंभर-दोनशे एमबी सहज घेते. वीस पाने उघडी टाकून आपण म्हणतो, मेमरी पुरत नाही. दहा बंद करा, ती फुकटात वाढते.

दुसरे खाणारे म्हणजे चित्र. इथे मात्र भूक खरी आहे आणि आमच्या डिझायनर मुलांची बाजू आम्ही घेतो. साडीच्या पदराचे एक डिझाइन घ्या, रुंदी ४५ इंच आणि लांबी ३६ इंच. छपाईसाठी प्रत्येक इंचाला ३०० ठिपके लागतात. रुंदीत १३,५०० आणि लांबीत १०,८००, गुणाकार १४ कोटी ५८ लाख ठिपके. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ५८ कोटी बाइटच्या वर. ही झाली एका थराची जागा. बुट्टी वेगळ्या थरात, काठ वेगळा, जमीन वेगळी, असे दहा पूर्ण थर केले की साडेपाच जीबी झाले. मागे फिरून चूक पुसण्याची सोय ठेवायला फोटोशॉपला आणखी जागा लागते. अशा कामाला ८ जीबी अपुरी पडते. १६ हवी, आणि रोज मोठे काम असेल तर ३२ सुद्धा वाजवी आहे. ती चैन नाही, हत्यार आहे. सुताराने चांगली करवत घ्यावी, तसे ते आहे.

एम्ब्रॉयडरी मशीनच्या फायली मात्र याहून अगदी लहान असतात. त्यात चित्र नसते, सुई कुठे जायची याच्या सूचना असतात. त्यांच्यासाठी वेगळी मेमरी घेण्याची गरज नाही.

भाव कशाने चढतात

सुताचा भाव कापसावर, पावसावर आणि साठेबाजांवर हलतो. मेमरीचा भावही असाच हलतो. जगातली बहुतेक मेमरी तीनच कंपन्या बनवतात : दक्षिण कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेतील मायक्रॉन. विकणारे तीन आणि घेणारे सारे जग, तेव्हा कुठे काही हलले की भाव उसळतो. जुलै १९९३ मध्ये जपानच्या निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिप बंद करण्याचे राळ तिथे मोठ्या प्रमाणावर बनत असे. बातमी येताच जगभर मेमरी महागली. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तेव्हा हार्ड डिस्क महागल्या. उलट २०२३ मध्ये माल इतका पडून राहिला की बनवणाऱ्या कंपन्यांनाच तोटा झाला आणि ग्राहकाला स्वस्ताई मिळाली.

२०२५ च्या उत्तरार्धात वारे फिरले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना खास प्रकारची मेमरी प्रचंड प्रमाणात हवी झाली. कारखान्यांनी तिकडे माग वळवले आणि घरगुती संगणकाचा माल कमी पडू लागला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने "क्रुशियल" या नावाने किरकोळ ग्राहकांना होणारी विक्री थांबवण्याचे जाहीर केले. ठोक गिऱ्हाईक जास्त भाव देत असेल तर कारखानदार किरकोळ दुकानाला माल का देईल? आम्ही कापडवाले हे चांगले समजतो.

पण यातूनच आमचा मुद्दा सिद्ध होतो. चढत्या भावात शहाणा व्यापारी गरजेपुरता माल उचलतो. "आणखी महाग होईल" या भीतीने गोदाम भरणारे अनेक जण आम्ही सुताच्या बाजारात बुडताना पाहिले आहेत. मेमरीची रीत तीच आहे. इतिहासात तिचा भाव जेव्हा जेव्हा चढला, तेव्हा काही काळाने उतरलाही. आज ८ घेऊन एक जागा मोकळी ठेवणारा माणूस भाव उतरल्यावर दुसरी ८ टाकू शकतो. आज चढ्या भावाने १६ घेणाऱ्याच्या हाती तो पर्याय राहत नाही.

मेमरीने बरे न होणारे आजार

मशीन सावकाश झाली की दुकानदार पहिले औषध मेमरीचे सांगतो. पण काही आजार वेगळे असतात.

पहिला आजार जुन्या हार्ड डिस्कचा. फिरणाऱ्या तबकडीची डिस्क असलेल्या मशीनमध्ये मेमरी ८ ची १६ केली तरी ती चालू व्हायला तेवढाच वेळ घेते. तिथे तबकडी काढून एसएसडी बसवली तर जुने मशीन नव्याने जिवंत होते. आमच्या अनुभवात एवढे गुण देणारा दुसरा खर्च नाही.

दुसरा आजार ३२ बिटच्या विंडोजचा. ती फक्त ४,२९,४९,६७,२९६ घरे मोजू शकते, म्हणजे ४ जीबी, आणि त्यातलीही काही घरे इतर भागांना राखलेली असतात. अशा मशीनमध्ये ८ जीबी टाकली तर निम्म्याहून जास्त वाया जाते. आधी विंडोज ६४ बिटची आहे का ते पाहावे.

तिसरा आजार वयाचा. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि तिच्या यादीतला प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनमध्ये हे नसेल तर मेमरी कितीही वाढवली तरी ती अधिकृतपणे पात्र होत नाही. अशा मशीनवर लिनक्स मिंट टाकून पाहावे. ते फुकट मिळते, ४ जीबीवर नीट चालते आणि मुलांच्या अभ्यासाला पुरते. मात्र टॅली आणि इनपेज ही विंडोजची सॉफ्टवेअर आहेत, हे लक्षात ठेवूनच तो निर्णय घ्यावा.

दुसरी बाजू

आमच्या मताला एक वजनदार आक्षेप आहे आणि तो आम्ही टाळत नाही. आज पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी कारखान्यातच पट्टीवर डाखलेली असते. ती काढता येत नाही आणि वाढवताही येत नाही. तिथे "आज ८, उद्या ८" हा आमचा सल्ला लागू पडत नाही. असा लॅपटॉप सात-आठ वर्षे वापरायचा असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर १६ घेणे योग्य, हे आम्ही मान्य करतो. पण त्यापेक्षा बरे म्हणजे जागा मोकळी असलेला थोडा जाड लॅपटॉप किंवा साधा टेबलावरचा संगणक निवडणे. घरात चार भावंडे एकच मशीन वापरणार असतील तर पातळपणाचा उपयोगही काय?

दुसरे सांगितले जाते की कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी १६ हवीच. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये "कोपायलट प्लस" नावाच्या मशीनसाठी किमान १६ जीबी ठरवली, हे खरे. पण पत्राचा मसुदा करणे, भाषांतर करणे, प्रश्न विचारणे, ही रोजची कामे ब्राउझरमधून होतात आणि त्यामागची मेहनत कंपनीच्या केंद्रातल्या यंत्रांवर होते. आपल्या घरच्या गादीवर त्याचा भार फारसा येत नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी

घरी किंवा दुकानात आधीचा संगणक असेल तर नवा घेण्याआधी एक प्रयोग करावा. रोजची सगळी कामे एकदम उघडा : टॅली, जीएसटीचे पोर्टल, व्हॉट्सॲप, मुलांचे पुस्तक. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. उघडलेल्या खिडकीत "परफॉर्मन्स" आणि त्यात "मेमरी" पाहा. किती वापरात आहे आणि किती जागांपैकी किती भरल्या आहेत, हे तिथे लिहिलेले असते. आठवडाभर तीन-चार वेळा हे पाहून आकडा वहीत टिपा. भर कामाच्या वेळी वापर ८ पैकी ६ च्या आत राहत असेल तर आठ पुरे. सतत ७ च्या वर जात असेल आणि पाने बंद करूनही उतरत नसेल, तर वाढवा.

वाढवताना पट्टीची जात विचारावी. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड आणि टेबलावरच्या संगणकाची लांब. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्यावी, जसे आपण रंग जुळवायला कापडाची चिंधी नेतो. नवे मशीन घेताना चार गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात : मेमरी किती, ती किती पट्ट्यांत, मोकळी जागा आहे की नाही, आणि डिस्क एसएसडी आहे का. तोंडी बोलाला बाजारात किंमत नसते.

आठ आणि सोळा यांतला जो पैसा वाचेल तो कुठे लावावा, तेही सांगतो. एक बाहेरची डिस्क घ्या आणि दर जुम्याला दुकान बंद करताना हिशेबाची नक्कल तिच्यावर उतरवा. यंत्रमागाच्या गावांत वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून एक छोटा यूपीएस घ्या. मेमरी कमी पडली तर काम सावकाश होते, एवढेच. हिशेबाची नक्कल नसेल आणि डिस्क गेली, तर उधारीची वही गेली. गिऱ्हाइकाकडे किती येणे आहे हे मग गिऱ्हाइकालाच विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर काय येते ते प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे.